लाटेतली डाळ

आमचा तालुका नव्या जिल्ह्यात गेला त्या वर्षी उदगिरात पाणी सोडून सगळं आलं. नव्या पाट्या आल्या, जीपा आल्या, कमानी आल्या, आणि आपला जिल्हा आता लातूर हे दिवसातून चारदा सांगणारी माणसं आली, जसं काही तोवर आम्ही बिनजिल्ह्याचेच उघड्यावर पडून होतो. चौकात भाषणं झाली. प्रत्येक भाषणात विकासाची गंगा दारापर्यंत यायची, टाळ्या पडायच्या, आणि मग तीच मंडळी टँकरच्या रांगेत आपली घागर कुठवर सरकली ते बघायला पळायची. माझे वडील, म्हणजे आप्पा, कमानी उभारणाऱ्यांत सगळ्यांत पुढे होते. कमानीवरच्या आंब्याच्या डहाळ्या दुसऱ्या दिवशी वाळून कडकडीत झाल्या, आणि त्या कोणीच उतरवल्या नाहीत म्हणून पुढचे दोन महिने नव्या साहेबांचं स्वागत पाचोळ्यानेच होत राहिलं.

आमची डाळ मिल घराला लागून होती, मधे एकच भिंत. पट्ट्याची फटफट आणि चाळण्यांचा खडखडाट यांची आम्हाला इतकी सवय, की तूर मिळेना म्हणून मिल आठवड्यातले चार दिवस बंद राहू लागली तेव्हा अव्वाला, माझ्या आईला, दुपारची झोप लागेनाशी झाली. ती उठून बसायची आणि एवढं गप्प का आहे म्हणायची. तुरीची पिवळी भुकटी मात्र मिल बंद असली तरी सगळीकडे होतीच. देवळीत, पुस्तकांवर, पापण्यांवर. जेवायला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. आठ दिवसांच्या भाकऱ्या एकदम भाजून उतरंडीसारख्या रचलेल्या असायच्या, कारण रोज पीठ मळायला पाणी कुठून आणणार. ताटं धुवायला लागू नयेत म्हणून आम्ही पळसाच्या पत्रावळीवर जेवायचो, आणि माझ्या धाकट्या भावाला वाटायचं की आपल्या घरी रोजच कुणाचं तरी लग्न आहे.

शिवभक्ताला जात नसते, असं आप्पा कपाळावरचं भस्म सावरत पाहुण्यांना सांगायचे. आणि मिलमध्ये कामाला येणाऱ्या गयाबाईचा जर्मनचा तांब्या मागच्या दारी वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. दोन्ही गोष्टी मी रोज बघत होते आणि मला त्यांत काही वावगं दिसत नव्हतं, हे इथे लिहून ठेवते. आज आमच्या भाऊबंदांत कोणी म्हणालं की आमच्याकडे असलं कधीच नव्हतं, तर मी त्या खिळ्याची जागासुद्धा दाखवू शकेन. गयाबाईला आमच्या घरातलं पाणी घ्यायची मुभा नव्हती, पण विकायच्या तुरीला तिचा हात चालायचा. तूर भिजत घालायच्या हौदाशी तीच बसायची.

तिची एक रीत होती. तूर भिजत घालताना तिच्यात आधीच फुटलेली डाळ, चुरी, सालं असतात. ती काढून टाकावी लागतात. बाकीच्या बाया झाऱ्याने उपसत बसायच्या. गयाबाई हौदाच्या कडेला बसून पंजा आडवा धरायची आणि पाणी हळूच ढकलायची, थांबायची, पुन्हा ढकलायची. बारक्या लाटा पलीकडच्या भिंतीपर्यंत जायच्या. थोड्या वेळाने बघावं तर फुटकी, चपटी डाळ समोरच्या कडेला जमलेली, आणि अख्खी गोल तूर जिथल्या तिथे तळाशी बसलेली. मग ती उठून एका ओंजळीत सगळी फूट उचलायची. मिलचे मुनीम याला गयाबाईचा हातगुण म्हणायचे. हातगुण म्हटलं की कोणाला विचार करावा लागत नाही.

गयाबाईची मुलगी शोभा माझ्या वर्गात होती. पहिला नंबर तिचा, दुसरा माझा. आणि तिसऱ्या नंबरची मुलगी आमच्यापासून इतकी लांब होती की भांडण असलं तर दोघींतच. ती माझ्याशी वर्गात बोलायची, आमच्या दारात आली की बोलायची नाही. मीही तिला आत ये म्हणायचे नाही.

त्या हिवाळ्यात नव्या जिल्ह्याचं पहिलं विज्ञान प्रदर्शन लातूरला भरणार असं ठरलं, आणि वरून विषय आला: सागर. सागर आणि आपण, की आपण आणि सागर, असंच काहीतरी. ज्या गावात आंघोळीचं पाणी पायाखाली परात ठेवून धरायचे आणि त्याच पाण्याने म्हशीचे पाय धुवायचे, त्या गावच्या पोरांनी सागरावर नमुने करायचे होते. परिपत्रक काढणारा माणूस कधी उदगीरच्या स्टेशनावर उतरला असता तर त्याला प्यायला पाणी मिळालं नसतं. पण आमच्या विज्ञानाच्या देवणीकर सरांना यात काहीच गैर वाटलं नाही. सरांनी समुद्र पाहिला नव्हता. हेडमास्तरांनी पाहिला नव्हता. शाळेत समुद्र पाहिलेली एकच व्यक्ती होती, शिपाई रशीदभाई, आणि तो विचारलं की एवढंच सांगायचा, “खारा हाय. प्यायला बिल्कूल कामाचा न्हाई.”

सरांनी लाटांचा नमुना करायचं ठरवलं आणि त्यासाठी शोभाला आणि मला निवडलं. नमुना जिल्ह्यात पहिला आला तर राज्याच्या प्रदर्शनासाठी रत्नागिरीला जायचं होतं, तिथे खरा समुद्र होता. त्या दिवसापासून आम्हा दोघींना दुसरं काही सुचेना. मला जायचं होतं कारण आमच्या घराण्यात सोलापूरच्या पलीकडे कोणी मुलगी गेली नव्हती. शोभाला का जायचं होतं ते तिने एकदाच सांगितलं. “घागर बुडवली की खाली गाळ लागत न्हाई, असं पाणी मला एकदा बघायचंय.” ती पाच वर्षांची असल्यापासून पाणी भरत होती.

मिलमधला एक जुना पत्र्याचा पन्हळ आप्पांनी दिला. त्याची एक बाजू कापून काच बसवली. ती काच हेडमास्तरांच्या खोलीतल्या एका पुढाऱ्याच्या तसबिरीची होती, कारण तो पुढारी नुकताच दुसऱ्या पक्षात गेला होता. फटी मेणाने आणि डांबराने बुजवल्या. एका टोकाला फळी, ती हाताने पुढेमागे हलवली की लाटा उठायच्या. दुसऱ्या टोकाला लाट परत फिरू नये म्हणून गोणपाटाची घडी. पन्हळ मिलच्या मागच्या अंगणात ठेवला. त्यात सहा घागरी पाणी लागायचं. सहा घागरी पाणी खेळायला, म्हणून अव्वाने कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा आप्पांनीच तोड काढली की पाणी रोज संध्याकाळी गयाबाईने धुण्याला घेऊन जावं, म्हणजे वाया जाणार नाही. हे त्यांनी गावात बऱ्याच जणांना सांगितलं. गयाबाई रोज सहाच्या सुमाराला यायची, डांबराचा वास असलेलं ते पाणी कापडातून गाळून घ्यायची आणि दोन खेपांत घेऊन जायची.

पाठ्यपुस्तकात लिहिलेलं होतं की लाट पुढे जाते, कण पुढे जात नाहीत. ते जागच्या जागी गोल फिरतात. सरांनी मेणाच्या गोळ्या वळून दिल्या होत्या. त्या पाण्यात टाकल्या की खरंच वर-खाली, पुढे-मागे होत जवळपास तिथेच राहायच्या. सर खूश होते. पण चार दिवसांत आम्ही गोळ्यांना कंटाळलो, आणि शोभाने ओच्यातून मूठभर डाळ काढून पन्हळात टाकली. अख्खी तूर आणि फुटकी डाळ, दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी. अख्खी तूर डुलत डुलत खाली गेली आणि बसली. डाळ तशी गेली नाही. ती आधी पालथी झाली, मग उताणी, मग लाटेबरोबर एका कुशीवर तिरकी झाली, आणि तशी तिरकी झाल्यावर पुन्हा सरळ होईना. तशीच घसरत घसरत चार बोटं पुढे जाऊन टेकली. शोभाने दुसरी टाकली. तीही तशीच. चुरीचे लांबट तुकडे तर आणखी पुढे जायचे.

मी म्हटलं, पन्हळ तिरका असेल. मग आम्ही गवंडी महादूमामाकडून पाणसळ आणली आणि पन्हळाखाली चिपा सारून बुडबुडा मधोमध आणला. डाळ पुढेच गेली. पन्हळ उलटा फिरवला, फळी दुसऱ्या बाजूला घेतली. डाळ आता उलट्या दिशेने, पण लाटेच्याच बाजूला पुढे गेली. फळी न हलवता टाकली तर डाळ कधी इकडे पडायची, कधी तिकडे. तीन दिवस आम्ही दुसरं काही केलं नाही. शोभा टाकायची आणि मी वहीत लिहायचे. गोल, चपटी, लांबट, असे तीन रकाने. गयाबाई संध्याकाळी पाण्याला आली तेव्हा तिला दाखवलं. ती थोडा वेळ उभी राहून बघत होती. “हे तर म्या रोजच बघते,” ती म्हणाली. “गोल असतंय त्याला लाट धरू शकत न्हाई. चपट्याला बाजू असती, तिथं धरती.”

आयुष्यात पुढे मी बरीच वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. त्या एका वाक्याहून नीट बोलणारा माणूस मला फार क्वचित भेटला. शोधनिबंध लिहिणाऱ्या लोकांना हे आता कुठे नीट समजू लागलं आहे, की समुद्रातले वेडेवाकडे कण लाटेत एक विशिष्ट कल धरतात आणि गोल कणांपेक्षा वेगळ्याच जागी जाऊन पडतात. ते वाचून मला आनंद झाला नाही, रागच आला, आणि तो कुणाचा ते पुढे येईलच.

आम्ही वही सरांना दाखवली. सरांनी ती उभ्याउभ्याच चाळली आणि विचारलं की हे पुस्तकात कुठे आहे. पुस्तकात नाही म्हटल्यावर त्यांनी वही मिटून परत दिली. परीक्षक पुस्तकातलंच विचारतात, त्यांना चकित करायला आपण जादूगार नाही, असं काहीतरी ते बोलले. मग नमुन्याकडे बघून त्यांना वाटलं की याला समुद्र कोण म्हणेल. त्यांनी खिशातून निळीची पुडी काढली आणि सगळीच्या सगळी पन्हळात रिकामी केली. पाणी दौतीतल्या शाईसारखं झालं. सर मागे सरून मान तिरपी करून बघत राहिले, जन्मभर समुद्रावरच राहिल्यासारखे. संध्याकाळी गयाबाई घागर घेऊन आली. तिने पन्हळात बघितलं, बोट बुडवून वर काढलं. “आज न्यायचं न्हाई मंग,” ती म्हणाली, आणि रिकामी घागर घेऊन गेली. मी तिथेच उभी होते. ते निळं पाणी आम्ही दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर ओतलं.

लातूरला आम्ही टेम्पोतून गेलो, पन्हळ मधे आणि आम्ही दोघी दोन्हीकडून त्याला धरून. सगळा जिल्हा प्रदर्शनाला लोटला होता. निलंग्याच्या पोरांनी पुठ्ठ्याचं जहाज आणलं होतं, औशाच्या एका शाळेने मिठागर केलं होतं, एका शाळेने तर देवमासा केला होता आणि त्याला तीन पाय होते, कारण दोनांवर तो उभा राहीना. प्रत्येक नमुन्यात निळीची पुडी ओतलेली होती. मैदानाबाहेर बायका घागरी लावून बसल्या होत्या आणि आत आमचे शंभरेक समुद्र होते. सकाळी आम्ही दोघींनी महादूमामाची पाणसळ लावून पन्हळ समतल केला. बुडबुडा मधोमध आला तेव्हा शोभाने माझ्याकडे बघून मान हलवली. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की फक्त मेणाच्या गोळ्या टाकायच्या, डाळीचं नाव काढायचं नाही, आणि बोलायचं मीच. मी हो म्हटलं. मला रत्नागिरी दिसत होती.

परीक्षक आले ते औरंगाबादचे कोणी साहेब होते, सफारी घातलेले, हातात रुमाल. मी पाठ केलेलं सगळं बोलले. गोळ्या टाकल्या, त्या शहाण्यासारख्या जागेवर फिरल्या. साहेब म्हणाले, “छान. म्हणजे कण पुढे जातो का?” मी म्हणाले, नाही. आणि माझ्या शेजारून शोभा म्हणाली, “गोल जात न्हाई, साहेब. चपटा जातो.” सरांनी डोळे वटारले, पण तोवर तिने ओच्यातली डाळ पाण्यात टाकली होती आणि फळी हलवायला लागली होती. निळ्या पाण्यात पिवळी डाळ फार स्वच्छ दिसायची. ती पालथी झाली, उताणी झाली, कुशीवर वळली आणि पुढे गेली.

साहेब वाकून बघत होते. त्यांनी पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा तसंच झालं. एक क्षण असा आला की त्या माणसाला खरंच काहीतरी दिसलं. मी त्याचा चेहरा बघत होते, मला चांगलं आठवतं. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला की तुमचा ट्रे एका बाजूला कललेला असणार. शोभा म्हणाली, न्हाई साहेब, आम्ही पाणसळ लावली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इस्त्रीचे कपडे, नीटनेटक्या वेण्या, कपाळाला भस्म, बोलणंही पुस्तकी. त्यांनी मलाच विचारणं साहजिक होतं. “काय गं, समतल आहे का हा?”

पाणसळ टेबलाखाली पिशवीत होती. काढून ठेवायला अर्धं मिनिट लागलं असतं.

मी म्हटलं, “नाही सर. सकाळी हलवताना थोडा तिरका राहिला.”

शोभाने माझ्याकडे बघितलं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसता प्रश्न होता, की आपण दोघींनी सकाळी जे केलं ते केलं की नाही. मग तिने फळीवरचा हात काढला आणि ती टेबलाच्या मागे जाऊन उभी राहिली. साहेब हसले, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि कागदावर काहीतरी लिहून पुढे गेले. प्रामाणिकपणाचं. हा शब्द त्यांनी वापरला आणि मी तो घेतला.

आमचा नमुना पहिला आला. राज्याला एका नमुन्यामागे एकच विद्यार्थी न्यायचा असं निघालं, आणि सरांनी माझं नाव दिलं. कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. आप्पांनी पेढे वाटले. गयाबाईलाही दिला, वरून हातात टाकला. आज लातूरला कुठून कुठून मुलं पाठांतर करायला येतात, खोल्या करून राहतात आणि पुस्तकातलं उत्तर पुस्तकात आहे तसं लिहून डॉक्टर, इंजिनिअर होतात. लोक त्या शहराला विद्येचं माहेरघर म्हणतात. मला निमंत्रणं येतात, शाल मिळते, आणि मी व्यासपीठावर बसून त्या मुलांकडे बघते. ही विद्या आम्ही त्या जिल्ह्याच्या पहिल्याच वर्षी कमावली होती. वर्गात मीही हेच केलं, कण जागच्या जागी फिरतो असं फळ्यावर लिहिलं आणि पोरांकडून लिहून घेतलं.

रत्नागिरीचा समुद्र निळा नव्हता, मातकट होता. सर म्हणाले की आज ढग आहेत म्हणून. आमच्या टेबलापाशी आलेल्या परीक्षक एक तरुण बाई होत्या, सुती साडीतल्या, पायाला वाळू लागलेल्या. त्यांनी माझं पाठांतर संपेपर्यंत ऐकून घेतलं. मग एक मेणाची गोळी बोटांत फिरवत त्या म्हणाल्या, “समुद्रात गोळ्या कुठे असतात गं? शिंपल्याचे तुकडे असतात, काड्या असतात, खवले असतात. गोल नसलेलं काही टाकून बघितलंस का?”

वही माझ्या पिशवीत होती. तीन रकाने, तीन दिवस. पण वही काढली असती तर लातूरला मी काय बोलले होते तेही काढावं लागलं असतं, आणि सर शेजारीच उभे होते.

मी म्हटलं, नाही.

“बघायला हवं होतंस,” त्या म्हणाल्या, रागाने नव्हे, नुसतं हळहळून. “त्यातच गंमत असते. कोणी करून बघितलं असतं तर मला फार आवडलं असतं.” आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. आम्हाला काही मिळालं नाही. परतीच्या एसटीत सर पूर्ण रस्ताभर कोकणातल्या लोकांना कशी मराठवाड्याची कदर नाही ते सांगत होते.

उदगिरात उतरले तेव्हा सकाळ होती आणि शोभा टँकरच्या रांगेत उभी होती. मला वाटलं ती तोंड फिरवेल. ती घागर रांगेत ठेवून माझ्याकडे आली. समुद्र कसा होता हे तिने विचारलं नाही. बक्षिसाचंही नाही. लातूरचं तर तिने त्या दिवशीही काढलं नाही आणि पुढे कधीच काढलं नाही. दहावीनंतर ती शिकली नाही, लग्न होऊन हदगावकडे गेली, आणि मी तिला शोधलंही नाही.

“तिथं कुणी चपट्या डाळीचं इचारलं का?” तिने विचारलं.

तिचा सगळा जीव त्या एका प्रश्नात होता. मी तिच्याकडे बघितलं, मग रांगेकडे बघितलं.

“नाही,” मी म्हणाले. “कुणीच विचारलं नाही.”

“मंग बरं. इचारलं असतं तर सांगायला मी तिथं नव्हते,” शोभा म्हणाली, आणि तिची घागर पुढे सरकली होती म्हणून परत रांगेत गेली.